कर्फ्यू सिस्टर आणि डबल बेल

भेटीची वेळ संपली की वॉर्डात दोन प्रकारचे नातेवाईक उरायचे. दारापर्यंत जाऊन काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून परत येणारे, हा एक प्रकार. दुसरा पडद्याआड, बाथरूममध्ये, वेळप्रसंगी पलंगाखालीही दडून बसणारा. वॉर्डाच्या सिस्टरपाशी मात्र दोघांनाही थारा नव्हता. ती राउंडला निघाली की कॉरिडॉर असा झटक्यात ओस पडायचा, की नातेवाइकांनी तिचं नाव ‘कर्फ्यू सिस्टर’ ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं. मनातून थोडंसं आवडतही होतं... पण असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या नसतात.

त्या संध्याकाळी तिने औषधांची ट्रॉली झपाझप ढकलत आणली, खिडकीजवळच्या पलंगाचा पडदा सर्रकन ओढला, आणि आतून उलटा चालत येणारा एक उंच माणूस थेट ट्रॉलीवर आदळला. बाटल्या खणखणल्या. तोल जाता जाता त्या माणसाने एक चमत्कारिक गोष्ट केली. उजवा पाय त्याने जोरात जमिनीवर दाबला.

“ब्रेक मारला होता हो मी,” तो कसनुसं हसत म्हणाला. “लागला नाही.”

“भेटीची वेळ संपलीय.”

“माहितीय. म्हणून तर निघालो होतो.”

“असं उलटं चालत?”

“बाबांकडे पाठ करून निघवत नाही...”

हे त्याने इतकं सरळ सांगितलं की तिच्या तोंडाशी आलेलं ठेवणीतलं वाक्य तिथेच अडलं. तिने गोळ्यांच्या वाट्या सारख्या केल्या, घसा खाकरला आणि दाराकडे बोट दाखवलं. दाराशी जमिनीवर एक पिवळी पट्टी होती. वेळ संपली की नातेवाइकांनी तिच्या पलीकडे राहायचं, असा नियम. तो पट्टीपलीकडे गेला आणि तिथेच उभा राहिला. पाय मात्र चुळबुळत होता, थांबून थांबून जमीन दाबत होता.

“तुमच्या पायाला काय झालंय?” न राहवून तिने विचारलं.

“ड्रायव्हिंग शिकवतो. माझ्या बाजूला फक्त ब्रेक असतो. दिवसभर लोक माझा जीव घ्यायला निघालेले असतात, मग घरी सोफ्यावर बसूनसुद्धा पाय दाबला जातो.”

ती हसली नाही. हसू गालातल्या गालात दाबून ट्रॉली घेऊन निघून गेली. पण पुढच्या पलंगावरच्या मावशींनी तिला विचारलंच, “आज काय विशेष सिस्टर, एवढा उजेड कसला तोंडावर?”

खिडकीजवळच्या आजोबांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. नाकातून पोटात गेलेल्या नळीवाटे त्यांना पातळ अन्न दिलं जाई. आणि त्यांचा चांगला असलेला डावा हात सतत त्या नळीकडे धावे. ओढून ओढून त्यांनी ती उपसून काढली होती. मग त्या हाताला कापसाचा गुबगुबीत मोजा चढला आणि हात मऊ पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधला गेला. बांधला होता तिनेच. नियमाप्रमाणे आणि काळजीपोटीच. तरी रोज ती गाठ मारताना आजोबा तिच्याकडे असे काही टक लावून बघत की तिला नजर खिडकीबाहेर न्यावी लागे.

मुलगा रोज यायचा आणि रोज एकच मागणं मागायचा.

“मी बसलोय तोवर हात सोडा ना. मी धरून ठेवतो.”

“सगळे असंच म्हणतात. मग मोबाइल वाजतो.”

“मोबाइल तुमच्याकडे जमा करतो.”

“आणि मग तुम्हाला डुलकी लागते.”

“तुमच्यासमोर? शिकाऊ ड्रायव्हर शेजारी असताना कुणी झोपतं का?”

“मी शिकाऊ?”

“नातेवाइकांच्या बाबतीत... थोड्याशा.”

तिला राग आला. खरं तर आलेला राग ती घरी पोचल्यावरही उतरला नाही, याचाच तिला जास्त राग आला. भांडी घासताना, वेणी घालताना, बसची वाट बघताना ती मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होती. एकाहून एक फर्मास उत्तरं! मात्र दुसऱ्या दिवशी तो समोर आला की त्यातलं एकही आठवायचं नाही.

मग डॉक्टरांनी राउंडला सांगितलं ते दोघांनीही ऐकलं. आजोबा गिळायला शिकले तर नळी निघेल, घरी जाता येईल. नाही शिकले तर पोटाला भोक पाडून कायमची नळी, आणि मुक्काम बहुधा कुठल्या तरी शुश्रूषा केंद्रात. तिने चमच्याने, छातीत जाऊ नये म्हणून दाटसर केलेलं पाणी द्यायचा प्रयत्न करून पाहिला होता. आजोबांनी दातखीळ बसल्यासारखं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

त्या दुपारी तो कॅन्टीनमध्ये चहाचा कप पुढ्यात ठेवून नुसता बसला होता. पायसुद्धा थांबला होता. ते तिला बघवेना. ती आपला कप घेऊन समोर जाऊन बसली.

“मी ड्युटीवर नातेवाइकांशी गप्पा मारत नाही,” तिने आधीच बजावलं.

“मग हे काय आहे?”

“ही जेवणाची सुट्टी आहे.” तिने कप दोन्ही हातांत धरला. “मी नवीन होते तेव्हा एका मुलीने आपल्या आईला पाणी पाजलं. आई मागत होती, तिला बघवलं नाही... पाणी छातीत गेलं. बाई वाचल्या नाहीत. ती मुलगी मला सारखं विचारत होती – सिस्टर, मी फक्त पाणीच दिलं ना हो? तेव्हापासून मला तुम्हा लोकांच्या मायेची भीती वाटते. औषधाचा डोस मला मोजता येतो. मायेचा नाही येत.”

तो विनोद करील असं तिला वाटलं होतं. त्याने केला नाही. त्याने कप बाजूला सरकवला.

“मी पहिल्यांदा शिकवायला लागलो ना,” तो म्हणाला, “तेव्हा शेजारून स्टिअरिंग खेचून घ्यायचो. अपघात एकही नाही झाला. पण गाडीही कुणाला आली नाही. मग आमच्या थोरल्या मास्तरांनी झापलं मला. म्हणाले, हात मांडीवर ठेव आणि पाय ब्रेकवर. तुझं काम तेवढंच.” मग तिच्याकडे बघून तो म्हणाला, “तुम्ही शेजारी असताना मी काही बिघडवणार नाही, सिस्टर. आणि बिघडवायला लागलो... तर तुमचा पाय आहेच की ब्रेकवर.”

तिचा चहा निवून गेला. “उद्या अंग पुसायच्या वेळी या,” ती उठता उठता म्हणाली. “हात धुऊन. आणि उलटं चालायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा बाहेर पावसाची बारीक भुरभुर होती आणि त्याच्या केसांवर थेंब होते. ते थेंब तिला उगाचच दिसले. तिने त्याला आजोबांना कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. पाठीखाली हात घालताना दोघांची बोटं एकमेकांना लागली. “सॉरी,” दोघंही एकदम म्हणाली, आणि मधल्यामधे आजोबांनी डोळे मिटून घेतले, जणू त्यांना काही दिसलंच नाही.

मग तिने गाठ सोडली. मोजा काढला. आजोबांची बोटं क्षणभर हवेत उघडली-मिटली आणि थेट नळीकडे गेली. एक ओढ. लगेच दुसरी.

तिने झडप घातली. “बघितलंत? म्हणून बांधावा लागतो हात!”

“थांबा – थांबा, सिस्टर.” त्याचा आवाज बदलला होता. “बाबा, पुन्हा करा.”

तिच्या मुठीत धरलेला म्हातारा हात धडपडला. एक झटका. दुसरा झटका. मग शांत.

“डबल बेल!” तो जवळजवळ ओरडला. “अहो, माझे बाबा कंडक्टर होते! जुन्या बसमध्ये छताला दोरी असायची ना, ड्रायव्हरकडे घंटा वाजायची ती? एकदा ओढली की थांबा. दोनदा ओढली की चला. आयुष्यभर दुसरं काय केलंय त्यांनी? बाबा, चला म्हणताय ना? घरी चला?”

आजोबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. बोटांनी तिच्या तळहातात पुन्हा दोन झटके दिले.

ती पलंगाच्या कडेला बसली. ड्युटीवर ती कधी बसत नसे. “पण अन्न देताना... तेव्हा ते हाताची पट्टी एकदाच ओढतात. एकदा ओढतात आणि माझ्याकडे बघत राहतात.”

“म्हणजे थांबा,” तो हळूच म्हणाला. “पोट भरलं असेल. नाहीतर दुखत असेल.”

“रोज मला थांबा म्हणत होते. आणि मी रोज त्यांचा हात बांधत होते.” ती आजोबांकडे वळली. “आजोबा, मला कळलं नाही हो. तुम्ही कोण होतात, काय करायचात... मी कधी कुणाला विचारलंच नाही.”

“मला तरी कुठे कळलं?” तो म्हणाला. “मी यायचो तेव्हा हात बांधलेलाच असायचा. तुम्ही नसतात सोडला, तर मलाही कधी कळलं नसतं.”

तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि कामाला लागली. पडद्याच्या दांडीवरून बँडेजची लांब पट्टी सोडली. एका टोकाला स्टीलचा चमचा असा बांधला की पट्टी ओढली की तो सलाइनच्या स्टँडवर वाजेल. दुसरं टोक आजोबांच्या हातात दिलं. टिंग टिंग! शेजारच्या मावशी दचकून उठल्या, “स्टॉप आला का गं?”

त्या आवाजाने इन्चार्ज बाईही आल्या. भेटीची वेळ नसताना नातेवाईक आत, पेशंटचा हात मोकळा, आणि स्टँडला चमचा! त्यांनी तिला बाजूला घेतलं. “कर्फ्यू तूच उठवलास की काय? नळी निघाली, काही बरंवाईट झालं, तर कोण निस्तरणार?”

“मी,” ती म्हणाली. “ते भेटायला आलेले नाहीत, बाई. ते माझ्याबरोबर काम करताहेत. उद्या गिळायला शिकवायचंय, आणि चमचा त्यांच्याच हातात असेल. मी शेजारी असेन.”

बाईंनी स्टँडवरचा चमचा एकदा टिचकीने वाजवून पाहिला. “शेजारी म्हणजे हाताच्या अंतरावर,” एवढं बोलून त्या गेल्या.

‘उद्या’ म्हणणं सोपं होतं. तो दिवस उजाडला तेव्हा तिने सगळी तयारी दोनदा तपासली. आजोबांना ताठ बसवलं, हनुवटी छातीकडे झुकवली. घशातला कफ ओढायचं यंत्र चालू करून जवळ ठेवलं. दाटसर पाण्याचा चमचा मुलाच्या हातात दिला आणि तिला ती जुनी मुलगी आठवली. फक्त पाणीच दिलं ना हो, सिस्टर? तिचा हात चमच्याकडे गेला... आणि तिने तो मागे घेतला. मांडीवर ठेवला.

“अर्धाच चमचा. घाई नाही,” ती पुटपुटली. “त्यांनी गिळेपर्यंत दुसरा नाही.”

“बाबा, तुम्ही बेल मारल्याशिवाय गाडी हलणार नाही,” तो म्हणाला.

घट्ट मिटलेलं तोंड उघडलं. घशाची गाठ वर सरकली, अडली... आणि आजोबांना ठसका लागला. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, यंत्राची नळी उचलली. ती नीट ऐकत होती. ठसका जोरदार होता, मोकळा होता. पाणी त्यानेच वर आलं, पुन्हा खाली गेलं. श्वास स्वच्छ झाला.

टिंग. थांबा.

दोघंही थांबली. त्याच्या कपाळावर घाम होता. आपला उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला आहे, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. त्याच्याही ते लक्षात आलं. इतक्या भीतीतसुद्धा त्याच्या डोळ्यांत हसू चमकलं.

टिंग टिंग.

त्या दिवसापासून आजोबा रोज थोडं पुढे गेले. आणि तिचं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही. तो यायच्या वेळी ती उगाच खिडकीपाशी जाई. आला की उगाच कपाटात औषधं शोधत बसे. मावशी म्हणाल्या, “ब्रेकवाल्याला उशीर झाला वाटतं आज?” तर ती त्यांच्यावरच खेकसली. आपणच रोज मेहनत करून त्याला इथून घालवायच्या मागे लागलो आहोत, हे कळत होतं, आणि थांबवतही येत नव्हतं. नळी निघाली तेव्हा सगळा वॉर्ड हसला. तीही हसली, आणि स्टोअररूममध्ये जाऊन रडली.

घरी जायच्या दिवशी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून व्हीलचेअरवर बसले. ती बँडेजची पट्टी आणि चमचा त्यांनी सोडला नव्हता. तो खुर्चीच्या दांड्यालाच बांधून घेतला होता. तिने खाणंपिणं, औषधं, व्यायाम सगळं पुन्हा समजावलं. मग तेच पुन्हा समजावलं.

“सिस्टर,” तो म्हणाला, “हे पाठ झालंय मला.”

“बरं.”

“बरं.”

खुर्ची निघाली. तो सरळ चालत होता, अजिबात उलटं नाही, आणि तिला त्याचंच वाईट वाटलं. चाकं पिवळी पट्टी ओलांडून गेली...

टिंग.

खुर्ची थांबली. “काय झालं बाबा? काही राहिलं का?” जिवंत असलेल्या अर्ध्या चेहऱ्याने आजोबा छताकडे बघत बसले, साळसूदपणे.

तो वळला. कान लाल झाले होते. पाय भराभरा जमीन दाबत होता. “बाबांचं राहू द्या. माझंच राहिलंय. रोज ठरवून यायचो, आणि रोज... हा ब्रेक लागायचा. आज पेशंटचा नातेवाईक नाही ना मी? मला तुम्ही फार आवडता. तुम्ही मला बाहेर काढता तेव्हासुद्धा. इथेच थांबायचं असेल तर तसं सांगा, मी समजून घेईन. आणि पुढे...”

मावशी पलंगावर उठून बसल्या होत्या. इन्चार्ज बाईंनी कागदात तोंड खुपसलं होतं, पण पान उलटत नव्हत्या. आजवर कितीतरी लोकांना तिने त्या पिवळ्या पट्टीपलीकडे घालवलं होतं. आता ती स्वतः चालत गेली, पट्टी ओलांडली, खुर्चीपाशी वाकली. आजोबांच्या बोटांतून बँडेजचं टोक हलकेच काढून घेतलं.

टिंग, वाजलं. त्याचा चेहरा पडला.

“सिस्टर...?”

“जरा दम धरा की,” ती म्हणाली, आणि पट्टी दुसऱ्यांदा ओढली.