तिसरी डिस्क

अमेरिकेतल्या अर्विंग गावात, देसी दुकानाच्या छपराखाली चारुता पाऊस थांबायची वाट बघत उभी होती. कडेवर ओढणीत गुंडाळलेला एक काळा डबा होता.

"बाळ झोपलंय वाटतं?" शेजारून आवाज आला. कोथिंबिरीच्या जुड्या सांभाळत एक उंच मुलगा हसत होता.

"आई आहे," ती म्हणाली... आणि तिथेच तिला रडू कोसळलं.

त्या मुलाच्या, यशोधनच्या, तोंडचं पाणी पळालं. थट्टा अशी अंगाशी येईल हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! पण ओढणी जरा सरकली आणि त्याने डबा ओळखला. तो एका कंपनीत कॉम्प्युटरची माहिती साठवणाऱ्या अशाच डिस्कची कपाटं सांभाळायचा.

चारुताची आई उन्हाळ्यात गेली. तिची गाणी, फोनवर ठेवलेले निरोप, सगळं त्या डब्यातल्या सहा डिस्कवर होतं. खंडेनवमीला बाबांनी गाडीची, लॅपटॉपची पूजा केली, तशी याचीही केली. हळदकुंकू, फूल आणि वरून पळीभर पाणी. करायला गेले एक आणि झालं भलतंच. दोन डिस्क गेल्या, आणि आज दुरुस्तीवाल्यानेही डबा तसाच परत दिला होता.

"दुसरी कॉपी?"

"नाही. बाबा म्हणायचे, दोन गेल्या तरी चालतं."

"चालतं," यशोधन हळूच म्हणाला. "पण दोनच."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. डबा जोडता जोडता म्हणाला, "समज, चौघांनी एकेक आकडा सांगितला आणि पाचव्याने बेरीज लक्षात ठेवली. एक जण गप्प झाला तर?"

"बेरजेतून वजा करायचं."

"हुशार आहेस यार."

"इंजिनिअरची मुलगी आहे. दोघं गप्प झाले तर?"

"मग एक बेरीज पुरत नाही. म्हणून सहाव्याकडे वेगळ्या पद्धतीचा हिशेब असतो. दोन्ही हिशेब ताडून पाहिले, की दोघांचेही आकडे परत मिळतात."

"आणि तिघं?"

त्याने डब्याला कान लावला. डब्यातून टक... टक... असा आवाज येत होता. तिसरी डिस्कही भिजली होती.

"आधी काय कॉपी करू? सगळं निघेलच असं नाही."

"तिची गाणी," बाबा दारातून म्हणाले. पूजेपासून त्यांनी लेकीच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. मग तेच म्हणाले, "नको. तिला विचार."

"निरोप," चारुता म्हणाली.

निरोप निघाले. पहिल्या गाण्याची कॉपी सुरू झाली आणि टकटक थांबली. "गाणी गेली," यशोधन म्हणाला. बाबा आत गेले आणि दार लावून घेतलं. चारुताने यशोधनची बाही घट्ट धरली होती, आणि त्यानेही ती सोडवून घेतली नाही.

मग तो येतच राहिला. बाबांसोबत बसून निरोप ऐकायचा. भाजी आण, बरं नाही वाटत, उशीर करू नकोस... आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य, पोहोचलीस की फोन कर. तो आला की बाबा जेवायचे. तो आला की चारुता हसायची, आणि हे तिला कळत होतं.

थंडी पडली तेव्हा त्याची नोकरी गेली. नोकरीबरोबर व्हिसाही. त्याने नागपूरचं तिकीट काढलं.

"परत येशील?"

"खोटं सांगू?"

"सांग."

"येईन."

विमानतळावर तिला त्याला सांगायचं होतं, तू मला फार आवडतोस, जाऊ नकोस. ओठांवर आलं ते भलतंच. "पोहोचलास की फोन कर."

त्याचे डोळे भरले. त्या घरात या वाक्याचा अर्थ काय, हे त्याने महिनाभर ऐकलं होतं. "मलाही... तसंच," एवढंच तो म्हणाला.

ती गाडीपाशी येते न येते तोच फोन वाजला. त्याचाच. हात पुढे गेला, पण तिने तो आवरला. फोन वाजू दिला, थांबू दिला. मग त्याने ठेवलेला निरोप ऐकला. "चारुता, सिक्युरिटीपर्यंत पोहोचलो. म्हणून फोन केला."

संध्याकाळी तिने तो निरोप बाबांना दिला. बाबांनी तो आईच्या निरोपांशेजारी ठेवला, आणि या वेळी सगळ्याची दुसरी कॉपी करून ती चारुताला घराबाहेर ठेवायला दिली.