तपासलं – ल्यूबेन

सांगा बघू, बाजारात विश्वास कोणावर ठेवायचा? गोड बोलून माल पुड्यात बांधणाऱ्यावर, की शिव्या देत का होईना, पण तो उघडून दाखवणाऱ्यावर? बसा, दिवा जरा जवळ ओढा. मी दुनावकाठच्या या विदिन गावच्या बाजारात केस पांढरे केलेत. भाव करताना चार शब्द इकडचे तिकडे होतात, ते घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण मेलेल्या माणसाच्या सहीवर माल खपवायचा? त्याला मी धंदा म्हणत नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतो.

आमच्या गल्लीतली सेव्दा निधनपत्रकं छापते. काळी चौकट, मध्ये फोटो, खाली चार ओळी. माणूस गेला की एक कागद घराच्या दारावर, एक बसथांब्यावर आणि एक तो जिथं काम करायचा त्या दारावर. चाळिसाव्या दिवशी पुन्हा नवे. तोवर माणूस आपल्या जागा फिरून बघत असतो, असं आम्ही मानतो. आपलं नाव दारावर दिसलं की तो निमूट जातो.

ल्यूबेन गेला तेव्हा त्याचा कागद सेव्दानंच छापला. कॉम्प्युटरच्या दुकानात तो कामेनचा भागीदार. कामेन विकायचा, ल्यूबेन तपासायचा. काम सुरू करण्याआधी दोनदा घसा खाकरायचा, मग यंत्राला शिवी, मग कामाला हात. माल पास झाला तरच त्याच्यावर 'तपासलं' असं छापलेला स्टिकर लावून खाली शाईनं सही. खेड्यातली माणसं पेटीवरचं कंपनीचं नाव वाचत नसत, ती सही शोधत.

तर त्याची बायको पेत्राना दुकानाच्या दारावर कागद लावून घरी पोचत नाही तोच कामेननं तो ओरबाडून काढला होता.

चाळिसावा जवळ आला आणि नेमकी सेव्दाच्या कॉम्प्युटरची जुनी डिस्क आचके देऊ लागली. गावातल्या मेलेल्यांचे सगळे फोटो तिच्यात. नवी मोठी डिस्क आणली, तर यंत्र तिला ओळखेना. यंत्राच्या मुख्य बोर्डाच्या आतला मूळ प्रोग्राम जुना, तो बदलायला हवा होता. त्यासाठी एक फ्लॉपी करावी लागते. यंत्र त्या फ्लॉपीवरून जागं होतं, जुना प्रोग्राम पुसतं, नवा लिहितं. पुसणं आणि लिहिणं यांच्या मध्ये वीज गेली किंवा फ्लॉपी अडली, तर बोर्ड कायमचा मुका. नवा प्रोग्राम तिनं फोनच्या तारेवरून उतरवून ठेवला होता. राहिली फ्लॉपी. त्यासाठी ती दुपारी कामेनकडे गेली, आणि काउंटरवर तिला काय दिसलं? कोऱ्या मालावर ओल्या शाईची ल्यूबेनची सही.

कामेननं त्या सहीचा रबरी शिक्का करून घेतला होता. लपवलाही नाही, गल्ल्याशेजारीच ठेवला होता.

सेव्दानं विचारलं, हे कोणी तपासलं?

"मावशी, माल चांगला आहे, लोक सही मागतात. मी त्यांना सही देतो. त्यात कोणाचं काय गेलं?"

"ज्याची सही आहे तो गेला."

"म्हणून तर त्याची तक्रार नाही," कामेन हसून म्हणाला. "आणि पेत्रानाला सांगून ठेव, उद्या पुन्हा कागद चिकटवायला येऊ नको म्हणावं. दारावर मढं लावून दुकान चालतं का?"

सेव्दाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट जे ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण फ्लॉप्या दुसरीकडे मिळत नव्हत्या. शिक्का मारलेला डबा घेऊन ती धुमसत घरी आली.

डिसेंबरचे दिवस. दुनाव नदीवरून धुकं चढलं की चारलाच दिवेलागण. पेत्राना काळा रुमाल बांधून आली, हातात नवऱ्याचा फोटो आणि चाळिसाव्यासाठी उकडलेल्या गव्हाची ताटली. सकाळी कागद लागलेच पाहिजेत, आणि या वेळी दुकानाच्या दारावर लागलेच पाहिजेत, एवढंच ती म्हणाली. मग हीटरजवळ बसून राहिली.

सेव्दाला फ्लॉपी करायला ल्यूबेननंच शिकवलं होतं. पूर्ण फॉरमॅट करायची, घाईचा नाही. लिहिलेलं परत वाचून बघायचं. शेवटी कोपऱ्यातली बारीक खिडकी उघडी सरकवायची, म्हणजे त्या फ्लॉपीवर कोणालाच काही लिहिता येत नाही. आणि कान द्यायचा. चांगली फ्लॉपी मांजरासारखी गुरगुरते, वाईट घरघरते.

डब्यातली पहिली घरघरली. दुसरी तशीच. मग एकामागून एक. लेबलं सोलून पाहिली तर खाली जुन्या लेबलांचा डिंक. वापरलेल्या फ्लॉप्या पुसून नव्या म्हणून विकल्या होत्या, आणि वर 'तपासलं'.

"माझ्या माणसाच्या नावावर," पेत्राना म्हणाली. रडली नाही. ताटलीतले चार गहू उचलून तिनं यंत्राशेजारी ठेवले.

डब्यात शेवटची उरली होती. ती आत सरकवली, आणि ड्राइव्ह गुरगुरू लागला. मऊ, एकसारखा. सेव्दानं फॉरमॅट केली, फायली चढवल्या, परत वाचून पाहिल्या. खिडकी उघडी केली. यंत्र फ्लॉपीवरून जागं झालं. बंद करू नका, असा इशारा पडद्यावर आला. तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि होकाराचं बटण दाबलं.

जुना प्रोग्राम पुसला गेला. नव्याची पांढरी पट्टी डावीकडून भरू लागली...

आणि वीज गेली.

दिवा विझला. हीटरची लाल तार काळवंडत गेली. खिडकीबाहेरची अख्खी गल्ली धुक्यात बुडाली. सेव्दानं कपाळावर हात मारला. मग तो हात तसाच राहिला.

पडदा चालू होता. पट्टी भरत होती.

"सेव्दा... हे कशावर चाललंय?"

"बोलू नको... भरतंय. भरू दे."

खोलीत राळेचा वास आला. ल्यूबेन तारा झाळायचा तेव्हा यायचा तसा, गरम आणि कडवट. घरात झाळण्याचं काहीच नव्हतं. मग ड्राइव्हमधून आवाज आला. घरघर नव्हे. कोणीतरी घसा खाकरल्यासारखा. थांबून, पुन्हा एकदा.

पेत्रानानं तोंडावर रुमाल दाबला. "तो... काम सुरू करताना..."

पट्टी उजव्या टोकाला टेकली. 'पूर्ण' असा शब्द आला आणि पडदा विझला. मग कितीतरी वेळ दोघी अंधारात एकमेकींचा हात धरून बसल्या. वीज आली तेव्हा यंत्र आपसूक उठलं, आणि त्यानं नवी डिस्क ओळखली.

सेव्दानं फ्लॉपी तपासली. तिनं चढवलेल्या फायली होत्या, आणि एक तिनं न चढवलेली. उघडली. आत एवढंच होतं, 'तपासलं. ल्यूबेन.' तिनं फ्लॉपी बाहेर काढून दिव्याखाली धरली. कोपऱ्यातली खिडकी उघडीच होती. शेजारचे गहू मात्र नव्हते.

सकाळी दोघी कागद आणि डिंक घेऊन दुकानावर गेल्या. दोन शेतकरी पेटी हातात घेऊन कामेनशी वाद घालत होते. सही कुठे आहे? कामेन एकेक माल उचलून बघत होता. फळ्यांवरच्या एकूणएक स्टिकरवर 'तपासलं' शब्द होता, खालची जागा कोरी. शिक्का हातात होता, शाईत बुडवून मारत होता, आणि काही उमटत नव्हतं. पेत्रानाला बघून तो बाहेर आला. तिनं दारावर कागद लावला तेव्हा त्याची उडणारी कड त्यानंच धरून ठेवली.

वसंतात त्यानं दुकान मोडलं. उरलेला माल मी घेतला, त्यात ते स्टिकरही आले. तो शिक्का रबरी होता, शाई स्वस्तातली, म्हणून सह्या उडाल्या, असं मी लोकांना सांगत आलो. पण माझं पेन चांगलं आहे. मुद्दाम एका न उघडलेल्या पेटीवर स्टिकर लावून माझी सही करून पाहिली. निब फिरली, कागद कोरा. मग पेटी उघडली, आतलं यंत्र तासभर चालवून पाहिलं, आणि त्याच स्टिकरवर पुन्हा सही केली. उमटली. ठळक. राळेचा वासही आला, पण तो माझा भास असेल.

स्टिकरांचा गठ्ठा अजून त्या खणात आहे. हवा तर एक घेऊन जा. फक्त एवढं करा, आपला हिशेब खरा लिहा, आणि जे तपासलं नाही त्याला तपासलं म्हणू नका.