काझिमिर ऊन खातो

ऊब कुठून येते हे मला कळतं. फुशारकी नाही, माझी उभी नोकरीच त्यात गेली. जर्मनीतल्या आमच्या गोस्लार गावात घराघरांत जाऊन रेडिएटरवरचे मीटर वाचायचे आणि कुणी किती ऊब वापरली ते कंपनीला कळवायचं. निवृत्त झाले तरी हात गप्प बसत नाही. कुणाकडेही गेले की आधी रेडिएटर चाचपते. लोक हसतात. हसू देत.

वरच्या मजल्यावरचे रेबाइन जानेवारीत खुब्याचं ऑपरेशन करून घ्यायला आणि मग तिथेच आराम करायला बाल्टिक किनाऱ्यावर निघाले, तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. आमच्या जिन्यात रीतच आहे तशी. जाणाऱ्याची किल्ली शेजाऱ्याकडे, आणि कुंड्यांना पाणी शेजाऱ्याने घालायचं. फक्त रेबाइनकडे कुंड्यांच्या जोडीला काझिमिर होता. जॅक्सन जातीचा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा; वीतभर लांब, हिरवागार, नाकाडावर तीन शिंगं, आणि पिंजऱ्यातल्या फांदीवर दोन डोळे दोन दिशांना फिरवत बसलेला.

"हे बघा, फ्राउ टीत्से," काठीवर रेलून रेबाइन म्हणाले, "हा दिवा उबेचा. याच्याखाली तो ऊन खातो. ही नळी वेगळी, उन्हातल्या किरणांची. तिच्याशिवाय हाडं वाकतात बिचाऱ्याची. दोन्ही सकाळी लावायचे. रात्री सगळं बंद. डोंगरातलं जनावर आहे, रात्री त्याला गारवाच लागतो."

"आणि पाणी?"

"वाटीतलं पीत नाही. पानांवर फवारायचं, मग तो थेंब चाटतो."

"अगदी जावईबापूच की हो!"

ते हसले नाहीत. "हात लावू नका. तो फक्त माझ्या हातावर येतो." मग काठीच्या मुठीशी चाळा करत म्हणाले, "मी परत येईन तेव्हा तो असू दे, एवढंच. माझी वाट बघणारं दुसरं कोण आहे?"

वीसेक वर्षांच्या शेजारात हा माणूस माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. मी म्हटलं, "असेल तर! चांगला गुटगुटीत करून ठेवते."

ऊन कसं खातो तेही त्यांनी दाखवलं. दिव्याकडची कूस तो पसरून चपटी करतो आणि तेवढीच बाजू काळी पडते, ऊब शोषून घ्यायला. पलीकडची कूस हिरवीच राहते. पहिले काही दिवस मी रोज ते बघत बसायचे. रातकिड्यांना कॅल्शियमची पूड लावून द्यायची, तो जिभेने सटकन उचलायचा. खरं सांगायचं तर मला लळा लागला होता.

घोळ घातला तो माझ्याच शिस्तीने. आमच्याकडे कितीही थंडी असो, सकाळी खिडक्या सताड उघडायच्या, रेडिएटर बंद करायचा, घरात वारा खेळू द्यायचा. आणि रिकाम्या घरातून निघताना वीज बंद करायची. कुणासाठी जाळायची? त्या सकाळी खाली माझा फोन वाजत होता. मी घाईघाईने सवयीप्रमाणे जमिनीवरच्या विजेच्या पट्टीचं लाल बटण पायाने दाबलं आणि दार ओढून घेतलं. दिवे गेले, रेडिएटर बंद, आणि खिडकी उघडी, तीही दुसऱ्या सकाळपर्यंत; संध्याकाळी दिवे बंद करायला वर जायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर माझ्या तोंडातून वाफ निघाली. खिडकीच्या कडेवर बर्फ साचला होता. मेलं जनावर, एवढंच डोक्यात आलं. आता त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू?

काझिमिर फांदीवर होता. जिवंत. एक कूस पसरून चपटी केलेली, काळीभोर.

तो ऊन खात होता.

दिवा विझलेला होता. आणि त्याची काळी कूस दिव्याकडे नव्हतीच. ती रेबाइनच्या तपकिरी आरामखुर्चीकडे होती. मी खिडकी लावली, बटण दाबलं. दिवा लागला. काझिमिरने एक डोळा दिव्याकडे फिरवून पाहिला. दुसरा खुर्चीवरच राहिला.

मी खुर्चीच्या बैठकीला हात लावला. कुणी नुकतंच उठून गेल्यावर लागते तशी ती उबदार लागली.

खोली उत्तरेकडची, ऊन येतच नाही. जमिनीखालून नळी जात नाही, या इमारतीच्या नळ्या मला तोंडपाठ आहेत. मी खुर्ची ओढत पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. परत आले तेव्हा काझिमिर फांदीवर वळला होता. आता दुसरी कूस काळी होती. मला काही सुधरेना. मी खुर्ची पुन्हा जागेवर ठेवली आणि घरी जाऊन दाराला कडी लावली.

संध्याकाळी रेबाइनचा फोन आला.

"काय म्हणतोय आमचा राजा?"

"मजेत आहे. तुम्ही?"

"चालायला लागलोय की! झोपही गाढ. स्वप्न मात्र रोज एकच, मी आपला घरी खुर्चीत बसलोय आणि काझिमिर समोर." ते हसले. "फक्त हातपाय गार पडतात हो. पारा चढतच नाही; नर्स म्हणते, थर्मामीटर बिघडलाय."

मी म्हटलं, "लोकरीचे मोजे घाला."

त्यानंतर मी रोज गेले, रोज दिवा लावला. काझिमिर एकदाही त्याच्याखाली आला नाही. खातपीत होता, अंगाने भरला होता. खुर्ची रोज उबदार असायची. मी मनाशी ठरवलं, माणूस परत आला की सगळं जागच्या जागी बसेल.

ते आले तेव्हा बर्फ वितळत होता. काठीशिवाय जिना चढून आले. मी खसखशीचा केक केला होता, वर त्यांच्याकडेच घेऊन गेले. त्यांनी हात मिळवला. इतका गार, की जिन्याचा लोखंडी कठडा परवडला.

"काझिमिर! आलो रे बाबा!" त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडून हात आत घातला.

काझिमिरने जबडा वासला, फूत्कार टाकला आणि मागे सरला.

रेबाइनचा चेहरा पडला. "विसरला मला?"

मला भडभडून आलं. "काहीतरीच काय! बाहेरून आलात, हात गार आहेत. खुर्चीत बसा तुमच्या. अंगात ऊब येऊ द्या आधी."

मी सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात टेकले आणि काझिमिरच्या खुर्चीकडच्या काळ्या कुशीवर नजर लावली. बसा, मी मनात म्हणत होते, बसा एकदाचे.

ते बसले.

काळा रंग उतरू लागला. कूस हिरवी झाली.

"बघा, शांत झाला," रेबाइन म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे. "वाट बघत होता माझी."

मी मान हलवली.

काझिमिर फांदीवर वळत होता. एक पाय उचलायचा, हवेत झुलवायचा, मग टेकवायचा. खुर्चीकडे त्याची पाठ झाली. दुसरी कूस पसरली, चपटी झाली, हळूहळू काळी पडली.

सोफ्याकडे. माझ्याकडे नाही, माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडे.

"फ्राउ टीत्से," रेबाइन कुडकुडत म्हणाले, "रेडिएटर जरा वाढवता? माझं घर इतकं गार कधीच नव्हतं."

रेडिएटर पूर्ण उघडा होता. आल्याआल्या मी हात लावून पाहिला होता.

मी उठले नाही. माझा डावा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत उबदार लागत होता. सवयीने माझा हात शेजारच्या गादीकडे निघाला, आणि मी तो अर्ध्यावरच थांबवला.