खुर्चीत बसलेली पाठमोरी

हे घडलेलं आहे. खोटं रचून मला काही मिळायचं नाही, आणि बायकोच्या बाबतीत तर मी मुळीच रचणार नाही.

ती गेली त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्र नव्हती. लख्ख दुपार होती.

माझा फोटो स्टुडिओ आहे. एका दिवंगत लेखकाचं जुनं घर रिकामं पडलं होतं, आणि वाचनालयाला प्रदर्शनासाठी त्या घराची चित्रं हवी होती. मी त्याच्या लिहायच्या खोलीत कॅमेरा स्टँडवर लावला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच जागेवरून फोटो काढले. असे फोटो एकावर एक चढवले की दिवसभराचा उजेड एकाच चित्रात येतो.

खोलीत एक टेबल, एक खुर्ची. आणि मी.

दुपारी खुर्ची करकरली...

लाकूड तापलं असेल, म्हटलं.

फोटोंत खुर्चीपाशी फिकट डाग होते. प्रत्येकात वेगळ्या जागी. उन्हात उडणारी धूळ असेल म्हणून सोडून दिलं.

फोटो एकत्र करायचं काम मेहुण्याचं. बायकोचा धाकटा भाऊ. ती गेल्यापासून माझ्याकडे जेवायला येणारा तो एकटाच.

चित्र तयार झालं, आणि ते सगळे डाग...

जुळून आले होते.

खुर्चीत एक बाई बसली होती. पाठमोरी. मान किंचित डावीकडे कललेली, अगदी माझ्या बायकोसारखी.

माझं डोकंच फिरलं. "तिचा जुना फोटो घातलास ना यात? मला बरं वाटावं म्हणून?"

"आईशप्पथ नाही, भाऊजी."

"मग कॉम्प्युटरला तिची आठवण आली का?"

तो चिडला. "घालायचाच असता तर हसतानाचा घातला असता. ताई कधी तुमच्याकडे पाठ करून बसलीय का? भांडायची तीसुद्धा समोर बसून!"

मला पटलं नाही. तो भरल्या ताटावरून उठून गेला.

मी पुन्हा त्या घरी गेलो. फोटो मीच काढले, एकत्रही मीच केले. कोणाचा हात लागू दिला नाही.

ती होतीच...

या वेळी जराशी वळलेली. चेहरा नाही, नुसता कान दिसत होता.

कान रिकामा होता.

बायकोच्या एकूण एक फोटोत कानातले आहेत. तिने ते कधी काढलेच नाहीत. मी काढले, दवाखान्यात, सगळं संपल्यावर.

म्हणजे हा कान कुठल्याच जुन्या फोटोतला नाही.

मेहुण्याला बोलावलं. "चुकलो रे," म्हटलं. चित्र दाखवलं.

"भाऊजी, रिकामा कान कोणाचाही असू शकतो. परत जाऊ नका."

अजून एकदा फोटो काढले तर चेहरा दिसेल. कॅमेऱ्याची बॅग मी दाराशी ठेवतो. मेहुणा जेवायला येतो आणि ती उचलून माळ्यावर टाकून देतो. तो गेला की मी ती पुन्हा खाली काढतो.

तीच असेल तर मला भीती कसली?

मग उंबऱ्याबाहेर पाय का निघत नाही...