रोपं जिकडे वळली

तुम्ही माना किंवा मानू नका, पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलं आहे. मी तिथे होतो.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

मी वायरमन. ताई शाळेतून निवृत्त झालेली, एकटीच राहायची. घराच्या तळघरात तिने मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर लेट्यूस लावायचं काढलं. तळघराला खिडकी एकही नाही. म्हणजे ऊन द्यायचं ते दिव्यांनीच.

"बंड्या, दिवे तू निवड," ती म्हणाली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

मी आधी लाल-निळे लावले. त्या जांभळ्या उजेडात पानं काळी दिसायची आणि ताईचं डोकं दुखायचं. "अरे, ही भाजी आहे की नाटकातला खुनाचा प्रवेश?"

मग पांढऱ्या एलईडी पट्ट्या आणल्या. रोपांच्या बरोबर डोक्यावर, वीतभर उंचीवर बसवल्या. आठवड्यात रोपं तरारली. एकदम ताठ.

दहाव्या दिवशी दुपारी सव्वातीनला तिचा फोन आला.

"जरा येऊन जा रे... रोपं वाकलीत."

गेलो. पाण्याचा पंप गुरगुरत होता. दोन्ही भिंतींलगतच्या चारही रॅकवरची रोपं कलली होती. पण एका बाजूला नाही... डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे. सगळी मधल्या मोकळ्या जागेकडे.

तिथे काहीच नव्हतं.

रोप उजेडाकडे वळतं, एवढं मलाही कळतं. मी पट्ट्या खाली घेतल्या. दुसऱ्या बनावटीच्या आणल्या. साध्या ट्यूबसुद्धा लावून पाहिल्या. शेवटी एक अख्खा दिवस सगळे दिवे बंद ठेवले.

रोपं वाकलेलीच होती. फक्त ती मधली जागा... सरकली होती.

आता सगळी जिन्याच्या पायथ्याकडे बघत होती.

"ताई, हे सगळं आजच्या आज काढून टाकू."

"वेडा आहेस का? एका हॉटेलवाल्याला भाजी द्यायचा शब्द दिलाय मी," असं म्हणत ती जिना उतरली. शेवटच्या पायरीवर थबकली.

"अगंबाई... इथे किती छान ऊब आहे रे."

तिने दोन्ही हात पुढे केले. शेकोटीवर धरावेत तसे.

त्याच क्षणी पंप बंद पडला.

मी तिला दंडाला धरून वर ओढलं. तिचा हात बर्फासारखा गार होता.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या पुदिन्याने उन्हाकडे पाठ फिरवली होती. तो ताईच्या खुर्चीकडे वळला होता. मी तिला पलीकडच्या खोलीत नेऊन बसवलं आणि घड्याळ लावून पुदिन्यासमोर उभा राहिलो.

तासाभरात तो त्या खोलीच्या दाराकडे वळला.

ताई हसायची. "लळा लागलाय त्यांना माझा." पण ती दिवसेंदिवस वाळत चालली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, वयाचा भाग आहे. मी तळघराची वायर तोडली. रोपं उपटून फेकली. ताईला माझ्या घरी आणलं. वायरिंगचा दोष असता तर शोधून काढला असता. हे कुठून तोडायचं?

अठरा दिवसांत तिला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं.

तिथल्या तिसऱ्या दुपारी ती झोपेत चुळबुळ करायला लागली.

"बंड्या, तो दिवा जरा बारीक कर रे. डोळ्यांवर येतोय."

मी वर पाहिलं. खोलीतला दिवा बंद होता. पडदेही ओढलेले होते.

"कुठला दिवा, ताई?"

तिने बोट उचललं. पलंगाच्या पायथ्याकडे.

मी तिच्या डोळ्यांवर हात धरला. तळव्याखाली तिच्या पापण्या गच्च मिटलेल्या जाणवत होत्या.

"आता?" मी विचारलं.

"अजून येतोय," ती म्हणाली. "जवळ येतोय."

मी दुसराही हात धरला.

त्यानंतर ती बोलली नाही. नर्सने येऊन माझे हात हळूच बाजूला केले, तेव्हा ताई गेलेली होती.

दोन वर्षं झाली याला. मी तेव्हा पलंगाच्या पायथ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघायला हवं होतं का... हेच मला अजून कळत नाही.