मारलेल्याचे कपडे

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे एक उभं कपाट होतं, फक्त त्यात कपड्यांऐवजी माणूस बसायचा. भिंतींना जाड फोम, दाराला दुहेरी पडदा, आणि पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. उन्हाळ्याच्या दुपारी तिथे अर्धा तास बसलं की कुणाचंही घामटं निघायचं. धाकटा मात्र रोज दोन तास लोकरीचा स्वेटर घालून बसे, आणि त्याला घाम येत नसे.

घरी त्याला सगळे धाकटा म्हणत, आपणही तेच म्हणू. अंधांच्या वाचनालयासाठी तो पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचा. आईची दृष्टी गेली तेव्हा तिच्यासाठी सुरू केलेलं काम पुढे अंगवळणी पडलं. स्वेटर दादाचा होता. तीन महिन्यांपूर्वी दोघे भाऊ गाडीने परत येत होते, धाकटा चालवत होता, गाडी झाडावर आदळली आणि दादा जागच्या जागी गेला. "जनावर आडवं आलं," असं धाकट्याने पोलिसांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. जनावर वगैरे काही नव्हतं. त्याचा डोळा लागला होता.

मागच्या सीटवर घडी करून ठेवलेला दादाचा स्वेटर त्याने तेव्हाच अंगात चढवला. त्यानंतर तो आंघोळीपुरताच उतरत असे. लोक हळहळत, "किती जीव होता भावावर!" धाकटा मान हलवी. त्याला काहीच वाटत नव्हतं. परवा उकळता चहा घशाखाली गेला तेही त्याला टाळूची सालं निघाली तेव्हा कळलं.

आईला तो अजून भेटला नव्हता. अंत्यविधीच्या वेळी आपण हॉस्पिटलात होतो, हे एक कारण तेव्हा आयतं मिळालं. आता रोज संध्याकाळी तो सामानाची पिशवी तिच्या दाराशी ठेवायचा, बेल दाबायचा आणि मदतीच्या बाईंनी दार उघडायच्या आत जिना उतरायचा. आई त्याला विचारणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तिने विचारलं नाही तर आपणच सांगून टाकू, याची त्याला भीती होती.

काचेपलीकडे कानसेन बसत. रेडिओतून निवृत्त झालेले हे गृहस्थ कधी गुणगुणतही नसत, पण ऐकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

"तुमचा आवाज हल्ली इस्त्री केल्यासारखा झालाय," ते म्हणाले. "एक सुरकुती नाही. युद्धाच्या पुस्तकाला झक्कास."

पुस्तक जाडजूड होतं, इंग्रजांनी झुलू लोकांशी केलेल्या युद्धाचं. पाळताच येणार नाहीत अशा अटी इंग्रजांनी आधी राजाला घातल्या, मुदत संपल्यावर नदी ओलांडली आणि एका डोंगराखाली तंबू ठोकले. पलीकडच्या दरीत वीस हजार माणसं आवाज न करता बसून होती. धाकट्याने ते वाचलं. त्या दुपारी तळ कसा बुडाला, सूर्याला ग्रहण कसं लागलं, पुढे बंदुकांनी भाल्यांचा सूड कसा घेतला आणि राजाचं गाव कसं जाळलं, तेही त्याने वाचलं. बाजारहाटाची यादी वाचावी तसं वाचलं.

मंगळवारी कानसेनांनी हेडफोन काढले. "तुम्ही दोनदा श्वास घेताय. वाक्याआधी एक तुमचा, आणि त्याच्याही आधी एक. त्याला बारीकशी शिट्टी आहे. नाक चोंदलंय का?"

"नाही."

लहानपणी चेंडू लागून दादाचं नाक मोडलं होतं. त्याच्या श्वासाला शिट्टी होती. धाकट्याने हे सांगितलं नाही. माइक बदलून पाहू, एवढंच म्हणाला. माइक बदलला. शिट्टी राहिली.

बुधवारी ते पान आलं.

"मृतांच्या अंगावरचे कपडे काढून नेलेले पाहून इंग्रजांना ती लूट वाटली," धाकटा वाचू लागला. "वस्तुतः तो नियम होता. ज्याने मारले, त्याने मारलेल्याचे वस्त्र अंगावर घालायचे. शुद्धीचा विधी होईपर्यंत त्याने घरच्या माणसांत मिसळायचे नाही. हे न पाळल्यास मेलेला माणूस मारणाऱ्याच्या अंगात फुगत जातो, अशी त्यांची समजूत होती."

तो थांबला. काचेपलीकडून कानसेनांनी हात हलवून पुढे चला अशी खूण केली. त्याने पान उलटलं. तेव्हा मनगटावर लोकर रुतलेली त्याला दिसली. दादा अंगाने त्याच्या दीडपट होता. हा स्वेटर पहिल्या दिवशी त्याच्या अंगावर झुलत होता.

घरी त्याने वजन केलं. तीन महिन्यांत सहा किलो घटलं होतं. स्वेटर काढायला मात्र कात्री लागेल असं वाटलं. कात्री त्याने हातात घेतली आणि परत ठेवली.

गुरुवारी कानसेनांनी कालचं रेकॉर्डिंग लावलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"हे कोण वाचतंय?"

धाकट्याने ऐकलं. आवाज भरदार होता, सावकाश होता, शब्दांवर प्रेम करणारा होता. दादाने आयुष्यात एकही पुस्तक मोठ्याने वाचलं नव्हतं.

"पुसून टाका," धाकटा म्हणाला.

"तुमच्या आईंकडे सकाळीच पाठवली प्रत. नेहमीसारखी."

तो आईच्या घरचा जिना चढला. यावेळी पिशवी नव्हती. विधी म्हणजे काय, हे पुस्तकात नीट दिलं नव्हतं. पण आपली शुद्धी करायचा अधिकार कुणाला आहे, हे त्याला न वाचताही कळत होतं. बाई बाजारात गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत जाऊन त्याने मागे कडी घातली.

आई खिडकीशी बसली होती. मांडीवर हेडफोन.

तो तिच्या पायाशी बसला. "आई, जनावर नव्हतं. डोळा लागला होता."

आईने हात पुढे केला. त्याचे केस, कपाळ, नाक चाचपलं. नाकाच्या मधोमध बोट थांबलं. मग खांद्यावरची ताणलेली लोकर तिने सावकाश कुरवाळली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तू नको वाईट वाटून घेऊस, दादा. गाडी तो चालवत होता ना?"

"आई, मी..."

त्याच्या आधी कुणीतरी श्वास घेतला.

"छान वाचलंस," आई म्हणाली. "पण त्याचं काय करायचं सांग. रोज येतो, दाराशी उभा राहतो, आत येत नाही. तीन महिने झाले. मी काही रागावलेली नाही रे त्याच्यावर. डोळा लागतो माणसाचा. एवढं त्याला सांगायचंय मला."



आईने मान दाराकडे वळवली. "तो बघ, आताही उभाय. जा, आत घे त्याला."

तो उठला. पावलांखाली लाकडी जमीन करकरली. त्याने कडीला हात लावला.

कडी थंड होती. तीन महिन्यांत पहिल्यांदाच या हाताला काही थंड लागलं होतं.

पलीकडे कुणीतरी घाईघाईने जिना उतरत होतं.