खवल्यांतला पारा

खाडी संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत त्या दुपारी पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. डॉ. भारती नाखवा यांनी घडवलेली बोय ही मासळी खाडीत सोडून तीन वर्षं झाली होती, आणि चार महिन्यांपासून कोळीवाडा आपल्याच खाडीतली मासळी बिनघोर खात होता. ती मासळी खाण्याच्या परवानगीवर सही भारतीचीच होती.

युक्ती साधी होती. कारखान्यांनी खाडीत ओतलेला पारा नष्ट करता येत नाही. त्याची जागा तेवढी बदलता येते. भारतीने माशाच्या अंगात एक पारदवाहक प्रथिन घातलं. ते मांसातला पारा उचलून खवल्यांच्या चुन्यात गाडून टाकी. खवले कोण खातं? विळीवर खरवडले की गेले कचऱ्यात.

"आणखी एक आनंदाची बातमी," एके काळचे तिचे शिक्षक आणि आता सहकारी असलेले डॉ. केशकामत म्हणाले. "यंदा प्रथमच माद्या वेगळ्या काढून तपासल्या. मांस स्वच्छ, आणि खवल्यांतही पारा जवळजवळ नाही!"

भारतीने आकडे पुन्हा पाहिले. "मग गेला कुठे?"

"म्हणजे?"

"पारा नाहीसा होत नाही, सर. अंडी धरायच्या दिवसांत मादीला चुना कमी पडतो. तेव्हा ती स्वतःचे खवले झिजवून तो अंड्यांना पुरवते. त्याच्याबरोबर पाराही जाणार. अंड्यांची गाबोळी तपासलीत?"

केशकामत चिडलेच. "पोट साफ करून मगच मासा तपासायचा, असा नियम आहे. आतलं सगळं फेकून देतो आपण. आणि नियम तू लिहिलायस."

खरं होतं. कोळीवाड्यात वाढलेल्या, गाबोळीच्या तुकड्यासाठी भावंडांशी मारामाऱ्या केलेल्या बाईनेच तो लिहिला होता. पांढरा कोट चढवताना ती घरची चूल साफ विसरली होती.

तिने एक मादी चिरली. गाबोळीतला पारा सुरक्षित मर्यादेच्या नव्वद पट निघाला.

भारतीने घाईघाईने घरी फोन लावला. धाकटी बहीण रोहिणी सात महिन्यांची गरोदर होती, बाळंतपणाला माहेरी आली होती.

"आये, रोहिणीला गाबोळी देतेस?"

"मंग कोनाला देनार गो? पोटुशीचा मान तो."

"किती? एखादी?"

"एक कशाला? आख्ख्या कोलीवाड्याची येते! तू खाडी परत दिलीस ना, म्हनून बाया घरच्या पोरांना न देता तुज्या बयनीला आनून देतान. दीड महिना झाला, रोज ताटभर."

केशकामत शेजारीच उभे होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे बाकी कुणाच्या रक्तात काही सापडायचं नाही. परवानगी टिकेल."

भारतीला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण फोन हातात होता, आणि विचारायचं राहिलं होतं.

"आये, बाळ हलतं ना गं?"

"लय गुनी पोर हाय गो," आई कौतुकाने म्हणाली. "आठ दिस झाले, आपल्या आयला एक लाथ म्हनून मारली नाय."